सासूबाईंची पिंपं

वीस वर्षांनी या शहरात एका सकाळी एकाच वेळी किती माणसं दात घासत असतील, हे इंजिनिअर बसल्या जागी सांगू शकत असे. त्याचं कामच ते होतं. शहर वाढत होतं, शेजारची तीन गावं शहराच्या अंगावर रेलून वाढत होती, आणि या सगळ्यांना पुढची तीसेक वर्षं पाणी कुठून आणि कसं द्यायचं याचा आराखडा करण्यासाठी पाणीपुरवठा मंडळाने त्याला एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतभर नकाशा दिला होता. मात्र स्वतःच्या घरात आज आपल्याला अंघोळीला जागा मिळेल का, हे त्याला कधीच सांगता येत नसे.

कारण न्हाणीघरात सासूबाईंची पिंपं होती. दाराआड एक, खिडकीखाली दोन, शॉवरच्या बरोबर खाली एक, म्हणजे शॉवर असून नसल्यासारखा. उरलेल्या फटीत इंजिनिअर तिरका होऊन शिरे आणि कोपर न उचलता अंग घासायची कला त्याने कमावली होती. साबण निसटून पिंपात पडला तर ते अख्खं पिंप बाद होई. सासूबाई त्यावर काही बोलत नसत. दिवसभर काहीच बोलत नसत, आणि तेच जास्त जड जाई.

न्हाणीघर भरलं की पाणी स्वयंपाकघरात येई. पातेली, बरण्या, किटली, थर्मास. एकदा पाहुण्यांनी आणलेली फुलं तोंड धुवायच्या मगमध्ये ठेवावी लागली, कारण फुलदाणीत पिण्याचं पाणी होतं.

सासूबाईंना हसण्यात अर्थ नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि त्यांचं तर अख्खं आयुष्य पोळलेलं होतं. लग्न होऊन त्या ज्या गावी गेल्या तिथे पाणी त्याच्या मर्जीने येई. पहाटे येई, भर दुपारी येई, आणि घरात कोणी नसलं की हमखास येई. त्यामुळे पाण्याच्या दिवशी त्या कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. धाकटी बहीण बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहत होती. तिला मुलगी झाली तेव्हा पाण्याचा दिवस होता. तिचा नवरा गेला तेव्हाही पाण्याचा दिवस होता. सासूबाई पिंपं भरून मग निघाल्या आणि पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं. ही गोष्ट त्यांनी लेकीला एकदाच सांगितली, आणि सांगताना त्या ओटा पुसत होत्या. धाकटीच्या गावचं पाणीही तसलंच. दोघी बहिणी वर्षानुवर्षं आपापल्या नळाशी उभ्या राहून फोनवर बोलत, आणि "थांब हं, आलं बघ" असं कोणीतरी एक म्हणालं की फोन संपे.

नवऱ्यामागे त्या लेकीकडे राहायला आल्या तेव्हा सोबत एक पेटी आणि चार पिंपं होती. इथे पाणी दिवसाआड येई. नक्की केव्हा, हे फक्त राजेंना माहीत असे.

राजे म्हणजे पाणी सोडणारा-बंद करणारा चावीवाला. खरं नाव काय ते त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागला असता. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो रस्त्याने निघाला की लोक दारात येत. शिंपी त्याच्या पँटी फुकट आखूड करून देई, औषधवाला त्याला खोकल्याची बाटली घरपोच देई, आणि राजे मान किंचित हलवून पुढे जात. आमदार-खासदारांना मिळणार नाही असा तो मान होता.

तर अशा या राज्यात इंजिनिअरने एक उलटी गोष्ट मांडली. लोकांना चोवीस तास पाणी दिलं, तर पाणी कमी लागेल.

मोठे साहेब, म्हणजे मंडळाचे प्रमुख, हे ऐकून इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "अहो, माणसाला मोकळं सोडलं की तो ओततोच. मी तीस वर्षं बघतोय."

"साहेब, ते साठवतात म्हणून ओततात," इंजिनिअर म्हणाला. "ताजं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून गटारात. पिंपभर भरायचं, त्यातलं अर्धंच वापरायचं, उरलेलं फेकायचं. नळाला कायम पाणी आहे म्हटल्यावर भरेल कोण आणि फेकेल कोण?"

"तुमच्या घरी भरतात?"

इंजिनिअर गप्प बसला. या गप्प बसण्यातूनच प्रयोगाची जागा ठरली. "मग तुमच्याच वसाहतीत करून बघा," मोठे साहेब म्हणाले. वसाहतीत नुकतीच उंच टाकी बांधून झाली होती. टाकीच्या आत एक लाल रेघ मारलेली होती. पाणी त्या रेघेच्या खाली गेलं की टेकाडावरच्या शेवटच्या घरांचे नळ कोरडे पडायचे. अट सोपी होती. तीन महिने रात्रंदिवस पाणी सोडायचं, एकदाही बंद करायचं नाही, आणि या काळात लाल रेघ एकदाही उघडी पडता कामा नये. जमलं तर अख्खी योजना मंजूर होईल, आधी शहर आणि मग एकामागून एक तिन्ही गावं. नाही जमलं तर नकाशाची गुंडाळी करून कपाटावर टाकायची.

तिसरं गाव नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात होतं, जिथे पंख्याच्या वाऱ्याने कागद सारखा फडफडे. सासूबाईंची धाकटी बहीण तिथेच राहत होती.

पहिल्या आठवड्यात इंजिनिअरच्या तोंडचं पाणी पळालं. झालं काय, की वसाहतीत कोणी नळ बंद करतच नसे. नळ उघडा ठेवायचा, खाली बादली लावायची, आणि पाणी आल्याचा आवाज झाला की पळत सुटायचं, ही तिथली रीत. आता पाणी आलेलंच होतं आणि नळ उघडेच होते. त्यात शिळ्या पाण्याचा घोळ. पूर्वी ताजं आलं की जुनं शिळं व्हायचं, हिशेब सरळ होता. आता ताजं सतत येतंय म्हटल्यावर पाणी शिळं नेमकं कधी होतं हे कोणाला कळेना. शेजारच्या मास्तरीणबाई तर दिवसातून तीनदा पिंप उपडं करू लागल्या. मोठे साहेब रोज फोन करून फक्त "काय म्हणते रेघ?" एवढंच विचारत आणि खुशीत फोन ठेवत.

इंजिनिअर घरोघर फिरला. लोक ऐकून घेत, मान डोलावत आणि तो वळला की भरायला लागत. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी लोकांना शहाणं केलं ते कंटाळ्याने. भरून भरून हात दुखले, तरी नळ आपला वाहतोच आहे. मग एकेकाने सोडून दिलं. औषधवाल्याच्या पिंपात रोपं लागली. शिंप्याने आपलं पिंप उलटं करून त्यावर बैठक केली आणि गिऱ्हाइकं त्यावर बसून मापं देऊ लागली. टाकीतलं पाणी स्थिरावलं. राजे तेवढे टाकीखाली स्टुलावर उदास बसून असत. चावी भिंतीला टेकवलेली, आणि पँटी आता पैसे देऊन आखूड कराव्या लागत.

पण सगळ्यांचा एक डोळा इंजिनिअरच्या घराकडे असे. पाण्याचं खरं-खोटं पाणीवाल्याच्या घरी आधी कळणार, यात वाद नव्हता. आणि पाणीवाल्याच्या घरी पिंपं काठोकाठ भरलेली होती.

"आई, आता कशाला ती पिंपं?" इंजिनिअर जेवताना विषय काढी.

"तुमचं पाणी चांगलंच आहे हो, जावईबापू," सासूबाई अदबीने म्हणत. "गोडसुद्धा आहे. मी त्याला कधी नाव ठेवलंय का?"

"मग?"

"भाजी घ्या ना अजून थोडी."

बायको हे सगळं चवीने ऐकत असे. ती शाळेत गणित शिकवायची आणि निकाल लागेपर्यंत कोणाची बाजू घ्यायची नाही हा तिचा नियम होता. "तू आईला समजावू नकोस," ती नंतर म्हणाली. "ती माणसांचं ऐकून थकलीय. बाबाही म्हणायचेच, उद्या नक्की येईल. तिला पाण्यानेच पटवून दिलं तर दिलं."

आणि खरोखर, इंजिनिअरच्या नकळत पाणी हळूहळू ते काम करत होतं. सासूबाई रात्री उठून नळ सोडून बघत. पहाटे बघत. घरात दुसरं कोणी नसताना, म्हणजे दगा द्यायची खास वेळ असे तेव्हा, अचानक जाऊन बघत. पाणी येई. प्रयोगाचा शेवटचा आठवडा लागला आणि त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं. कोणाला बोलल्या नाहीत. पिंपांतलं पाणी फेकणं त्यांच्या जिवावर आलं असतं, म्हणून त्यांनी ते वापरून संपवलं. पायऱ्या धुतल्या, झाडांना घातलं, जावयाची मोटरसायकल धुतली. इंजिनिअरला वाटलं, बायकोनेच धुतली. बायकोला वाटलं, त्याने धुतली. दोघांनी एकमेकांचे मनातल्या मनात आभार मानले.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर मोठे साहेब स्वतः टाकी बघायला येणार होते. इंजिनिअर सकाळीच कडक इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेला, बायको शाळेत गेली. दार लागलं तशा सासूबाईंनी पदर खोचला. रिकामी पिंपं एकेक करून ओढत पुढच्या अंगणात आणली, नळाखाली ओळीने लावली आणि चोळूनमोळून धुवायला घेतली. धुऊन, वाळवून ती रोपांसाठी औषधवाल्याला देऊन टाकायची, संध्याकाळी जावई न्हाणीघरात शिरला की त्याला ऐसपैस जागा दिसावी. एवढाच बेत होता. जावयाला द्यायला त्यांच्याजवळ याहून मोठं काही नव्हतं.

समोर शिंपी मशीनवर बसला होता. त्याने मान वर केली. पाणीवाल्याच्या अंगणात, पाणीवाल्याची सासू, नळाखाली पिंपांची रांग. त्याने पाय थांबवला. दोरा तुटला तिकडेही त्याचं लक्ष गेलं नाही. तो उठला, बैठकीवरच्या गिऱ्हाइकाला हाताला धरून उठवलं आणि पिंप सुलटं केलं.

पुढचं सांगायला नको. शिंप्याच्या नळाचा आवाज औषधवाल्याने ऐकला. औषधवाल्याने रोपं उपटली. मास्तरीणबाईंना तर निमित्तच हवं होतं. तासाभरात टेकाडाखालचा एकूण एक नळ पूर्ण सुटलेला होता.

सासूबाई मात्र पिंपं धुऊन दमल्या होत्या. ती उन्हात उपडी घालून त्या जरा आडव्या झाल्या. जाग आली ती बादल्यांच्या आवाजाने. त्या कुंपणाशी गेल्या. मास्तरीणबाई पलीकडे घामाघूम होऊन पातेली लावत होत्या.

"काय झालं हो?"

"पाणी जाणार आहे म्हणे. बरेच दिवस."

सासूबाईंनी पुन्हा पदर खोचला. मग त्या वळल्या. पिंपं स्वच्छ होती, वाळलेली होती, नळाजवळच होती. भरायला वेळ लागला नाही.

कचेरीत इंजिनिअर मोठ्या साहेबांसाठी फाइल लावत होता तेवढ्यात राजेंचा फोन आला.

"साहेब, उतरतंय."

"काय उतरतंय?"

"पाणी. रेघेकडे निघालंय." राजेंच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धार आली होती. "मी म्हणतो, फिरवू का चावी? मिनिटभराचं काम आहे."

इंजिनिअरने डोळे मिटले. चावी फिरवली तर टाकीतलं पाणी जागेवर राहील, पण नळ कोरडे पडतील आणि चोवीस तासांची अट तिथेच मोडेल. नाही फिरवली तर रेघ उघडी पडेल. "चावीला हात लावायचा नाही," तो म्हणाला, आणि मग त्याने दिवसातली सगळ्यात मोठी चूक केली. कचेरीची गाडी भोंगा लावून वसाहतीत पाठवली.

"नागरिकांनी घाबरू नये," भोंगा गल्लोगल्ली सांगत फिरला. "पाणी भरपूर आहे. पाणी जाणार नाही."

तोवर टेकाडावरच्या निम्म्या लोकांना काहीच माहीत नव्हतं. ते घाबरले ते भोंगा ऐकून. सरकारी गाडी येऊन काही नाही म्हणतेय म्हणजे नक्की काहीतरी आहे, हे शेंबडं पोरही ओळखतं. टेकाडावरचेही नळ सुटले.

"साहेब, आता जोरात उतरतंय," राजे म्हणाले.

इंजिनिअर मोटरसायकल काढून वसाहतीत आला. गळती शोधायची त्याला सवय होती. जिथे ओल दिसते तिथून सुरुवात करायची आणि नळ धरून उलटं मागे जायचं, की मूळ सापडतं. अफवेचंही तसंच असणार, असा त्याने तर्क केला. तो टेकाडाखालच्या पहिल्या घरापासून लागला. त्यांना मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं. मास्तरीणबाईंना औषधवाल्याने. औषधवाला मातीने बरबटलेल्या हातांनी किटली भरत होता.

"मला शिंप्याच्या नळावरून कळलं, साहेब. शिंपी कधी उगाच भरत नाही."

इंजिनिअर शिंप्याकडे गेला. शिंपी पिंपावर झाकण दाबत होता. त्याला पाहून शिंप्याने डोळे बारीक केले आणि समजुतीने हसला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" इंजिनिअरने विचारलं.

"काय साहेब, आमची परीक्षा घेताय का?"

"नाही हो. मला मूळ हवंय. कोणी पसरवलं हे?"

शिंप्याने हात वर केला आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. इंजिनिअरने वळून पाहिलं. समोर त्याचंच घर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अंगणात सासूबाई रबरी नळी धरून शेवटचं पिंप भरत होत्या. "आलात, बरं झालं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण रुसवा होता. "बाहेरच्यांना सांगितलंत, जावईबापू, घरच्यांना नाही सांगितलंत. असू दे. मी भरून घेतलं."

"आई," इंजिनिअर म्हणाला, "पाणी जाणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"शेजारच्यांनी."

"आणि त्यांना, तुम्ही सकाळी पिंपं भरताय ते पाहून कळलं."

"मी कुठे भरत होते? मी तर ती द्यायला काढली होती. धुवत होते." बोलता बोलता त्यांचा आवाज बसत गेला. नळी हातातून खाली पडली. त्यांनी गल्लीकडे पाहिलं, भरलेल्या पिंपांकडे पाहिलं, आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. "अगं बाई, म्हणजे मीच?"

इंजिनिअरने नळ बंद केला आणि तोही शेजारी बसला. कडक इस्त्रीचा शर्ट मागून भिजला. पिंपं द्यायला काढली होती, या एका वाक्यापाशी तो अडकला होता. त्याला रागवायचं होतं आणि रागावता येत नव्हतं.

"आता तुमचं काय होईल?"

"माझं काय व्हायचंय? मोठे साहेब येतील, रेघ बघतील, नकाशा कपाटावर जाईल. इथे पुन्हा दिवसाआड." तो थांबला, मग म्हणाला, "आणि धाकट्या मावशींच्या गावाचं तर कोणी नावही काढणार नाही."

इंजिनिअरच्या खिशात फोन वाजला. "साहेब, रेघेला चारच बोटं उरलीत," राजे म्हणाले. "चावी हातातच आहे."

सासूबाई उठल्या. पहिल्या पिंपाला दोन्ही हात लावले आणि ते फाटकाच्या दिशेने रेटायला लागल्या.

"आई, काय करताय?"

"तुम्ही धरू लागू नका. तुम्ही धरलंत तर लोकांना वाटेल तुम्हीच करायला लावलं."

पिंप फाटकाबाहेर आलं. सासूबाईंनी ते काठाने धरलं, तिरकं केलं, आणि ओतलं. पिंपभर पाणी रस्त्यावर पसरून उताराने धावत सुटलं. इंजिनिअरने त्यांचा चेहरा पाहिला. ज्या बाईने तांदूळ धुतलेलं पाणीही आजवर वाया घालवलं नव्हतं, ती ओठ घट्ट मिटून त्या वाहत्या पाण्याकडे बघत होती.

शिंपी धावत आला. "काकू, अहो हे काय? आत्ताच भरलंत ना?"

"शिळं झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरं पिंप आणायला वळल्या.

"तासाभरात?"

"ताजं येतंच आहे नळाला. शिळं कशाला ठेवायचं?"

शिंपी उभ्या जागी विचारात पडला. पाणी जाणार असतं तर ही बाई, सगळ्या बायकांतली ही बाई, थेंब तरी सांडती का? दुसरं पिंप ओतलं गेलं. शिंप्याने घरात जाऊन नळ बंद केला. अफवा ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने मागून दुसरी बातमी निघाली, आणि ही जास्त वेगाने गेली, कारण हिच्यात नवल होतं. पाणीवाल्याची सासू पाणी ओततेय. लोक बादल्या टाकून बघायला आले. बघायला यायचं तर नळ बंद करून यावं लागतं, एवढं शहाणपण तीन महिन्यांत आलं होतं.

तिसरं पिंप ओतलं आणि त्याच वेळी मंडळाची गाडी गल्लीत शिरली. मोठे साहेब दार उघडून उतरले ते थेट पाण्यात. त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग पाण्याचा माग काढत त्यांची नजर फाटकापर्यंत गेली. तिथे एक वयस्क बाई पाण्याचं पिंप रस्त्यावर उपडं करत होती आणि सगळी वसाहत कौतुकाने बघत होती.

"या कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"मी म्हणालो होतो ना, मोकळं सोडलं की ओततात." ते आनंदाने चष्मा पुसू लागले. "टाकीवर जाऊ या. रेघ बघायची की आता तीही नको?"

इंजिनिअरने फोन लावला. "राजे, रेघ दिसते का?"

पलीकडून लोखंडी शिडीवर पावलं वाजली. "नाही साहेब," राजे म्हणाले. आवाज पुन्हा उदास झाला होता. "पाणी थांबलंय. रेघ पाण्याखालीच आहे. बोटभर."

मोठ्या साहेबांनी फोन हातात घेऊन स्वतः विचारलं. मग त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, शिंप्याकडून, औषधवाल्याकडून आणि तिसऱ्यांदा मास्तरीणबाईंकडून. सासूबाई चौथ्या पिंपाशी उभ्या होत्या. ते एकच भरलेलं उरलं होतं.

"हे नाही ओतत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"गरज पडली तर ओतेन," सासूबाई म्हणाल्या. "पडली का?"

मोठे साहेब पहिल्यांदाच हसले नाहीत. ओली विजार घोट्यापर्यंत दुमडत ते इंजिनिअरच्या कानाशी आले. "आमच्याकडे पाच आहेत," ते हळूच म्हणाले. "मंडळाच्या प्रमुखाच्या घरी. बाहेर बोलू नका." मग खाकरून मोठ्याने म्हणाले, "फाइल सोमवारी माझ्या टेबलावर पाहिजे."

त्या संध्याकाळी इंजिनिअरने शॉवरखाली उभं राहून दोन्ही हात पसरून अंघोळ केली. चौथ्या पिंपातलं पाणी सासूबाईंनी झाडांना घातलं होतं आणि चारही पिंपं गच्चीवर उपडी पडली होती. योजना मंजूर झाली. मंडळाच्या पद्धतीने झाली, म्हणजे शहराला पुढच्या वर्षी, पहिल्या गावाला त्यानंतर, आणि तिसऱ्या गावाला "यथावकाश". यथावकाश म्हणजे किती, हे वीस वर्षांनंतरच्या दातघाशा माणसांचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरलाही सांगता येईना.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी पेटी काढली. "धाकटीकडे जाऊन येते चार दिवस," त्या म्हणाल्या. "इथे आता माझं काय अडलंय?" बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांनी पोचवायला आलेल्या लेकीला नेहमीच्या सवयीने विचारलं, "आज पाण्याचा दिवस तर नाही ना?" आणि स्वतःच तोंडावर पदर धरून हसल्या. बस सुटली तरी हसत होत्या.

चार दिवस झाले, आठ झाले. दुसऱ्या आठवड्यात फोन आला. मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"जावईबापू, पिंपं टाकली नाहीत ना?"

"नाही. गच्चीवरच आहेत. का?"

"दोन पाठवून द्या बसने. इथली फुटकी आहेत." मग आवाज जरा खाली आला. "धाकटी आज लेकीकडे गेलीय राहायला. नातू दोन वर्षांचा झाला, तिने घर पाहिलं नव्हतं त्यांचं. दर वेळी पाण्याचा दिवस आडवा यायचा. मी म्हटलं, तू जा गं, मी आहे नळापाशी."

"आई, तिथल्या कामाला जरा वेळ लागेल," इंजिनिअर म्हणाला.

"लागू दे ना. तुमचं पाणी आल्याशिवाय राहत नाही, ते मी बघितलंय. थांबा हं, आलं बघा जोरात." फोन बंद झाला.

बायको वह्या तपासत होती. तिने मान वर केली. "कधी येतेय म्हणाली?"

इंजिनिअरने फोन खाली ठेवला. मग उठून त्याने कचेरीच्या किल्ल्या घेतल्या, रविवार असूनही.

"तिकडे चोवीस तास पाणी झालं की," तो म्हणाला.